अंतराचा पांढरा

१

रंग बघायचा तो सकाळी दहा ते दुपारी दोन, आणि तोही उत्तरेच्या खिडकीत. दिव्याखाली ठरवलेला रंग म्हणजे बघायच्या कार्यक्रमात पावडर थापून बसवलेली मुलगी. खरं तोंड घरी आणल्यावर दिसतं. किनुए उरुशिबाता हे येईल त्याला ऐकवायची, आणि समोरचा हसला नाही तरी तिचं काही अडायचं नाही.

शिझुओकात प्लॅस्टिकची जहाजं, रणगाडे, विमानं सुट्ट्या भागांत डब्यात भरून विकणारे कारखाने आहेत. कुठल्या विमानाला कुठला राखाडी आणि कुठल्या रणगाड्याला कुठला मातकट, हे कुणीतरी ठरवावं लागतं. एकतीस वर्षं ते किनुए ठरवत होती. शिकली होती जेमतेम, पण शंभर थेंबांत तांबड्याचा एक थेंब जास्त पडला तर खोलीच्या दारातूनच नाक मुरडायची. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चमच्याच्या पाठीवर रंग फवारायचा, दांड्यावर पेन्सिलीनं आकडा लिहायचा, वाळला की खिडकीत उभा करायचा. तिच्या खिडकीत बारा महिने चमच्यांची रांग. शेजारच्या ओसोनेबाई कुंपणावरून विचारायच्या, "काय गं, कुणाला जेवायला बोलावलंयस?"

मे महिन्यात कारखान्याचा साकुमा आला. तिशीतला, मऊ आवाजाचा, सारखा वाकणारा. त्यानं तीन जुने फोटो टेबलावर मांडले. चाळीस वर्षांपूर्वी टीव्हीवर एक मालिका लागायची, अकरा भागांत बंद पडली. त्यात आभाळाच्या पलीकडे गस्त घालणारं एक विमान होतं, 'पहारा-तीन' नावाचं. आता कारखाना त्याचा डबा काढणार होता, आणि सोबत नेमक्या रंगाची बाटली.

"मूळचं मॉडेल कुठाय?" किनुएनं विचारलं.

"हरवलं. कुणालाच ठाऊक नाही."

"एका फोटोत हिरवट, एकात जांभळट, एकात भांडी धुतलेलं पाणी. साकुमासाहेब, जे विमान कधी उडालंच नाही त्याचा खरा रंग मी कुठून आणू? आभाळाला फोन लावू?"

"गिऱ्हाईकं फार चोखंदळ असतात, किनुएबाई. रंग चुकला तर पत्रं लिहितात."

"लिहू देत. उद्योग नाहीत मेल्यांना."

ती फोटो परत देणार, इतक्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"मी पाहिलंय ते."

किनुएचा हात तसाच राहिला. कोपऱ्यातल्या खुर्चीत तिचा धाकटा भाऊ तोमोयासु बसलेला होता. विजेच्या खांबांवर चढणारा माणूस, सहा वर्षांपूर्वी खांबावरून पडला. हाडं जुळली, डॉक्टर म्हणाले पाय चालतील, पण पाय चालले नाहीत, कारण तोमोलाच चालायचं नव्हतं. मग हळूहळू जेवण सुटलं, बोलणं सुटलं. गेल्या चार महिन्यांत त्यानं तीन शब्द सलग जोडले नव्हते. "त्यांचं मन कशात तरी घाला," डॉक्टर म्हणाले होते, "नाहीतर हे असेच विझत जातील." किनुएला दुसरं कोणी नव्हतं.

तिनं फोटो ओढून घेतले. "महिनाअखेरपर्यंत देते," साकुमाला म्हणाली. "आता निघा."

२

कुठल्याही रंगात शेवटी पांढरा घालायचा असतो. हे तिला इनाबा मास्तरांनी शिकवलं होतं. खरं विमान आपण लांबून बघतो, मधे हवा असते, हवा रंग फिका करते. मॉडेल असतं हातावर, मधे हवाच नसते. खऱ्या विमानाचा रंग जसाच्या तसा लावला तर ते काळपट, जड, अंगावर आल्यासारखं दिसतं. म्हणून मधल्या हवेचा हिशेब पांढऱ्यानं भरायचा. बहात्तर पट लहान विमान असेल तर शंभराला बारा थेंब. मास्तर त्याला 'अंतराचा पांढरा' म्हणायचे. किनुएनं तो नियम एकतीस वर्षांत मोडला नव्हता.

पहिले तीन दिवस ती नुसती रंगाच्या मागे होती. निळा, मग राखाडी, त्यात गंजाचा किंचित वास घेतलेला तांबूस. तोमो खुर्चीतून सांगायचा, "हिरवं काढ." "थोडं थंड कर." किती शब्द! ती वरवर करवादायची, "मला शिकवतोस का रे?" आणि पाठ वळवून हसायची.

चौथ्या दिवशी तिनं चमचा त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ बघत राहिला.

"रंग हाच आहे," तो म्हणाला.

"मग झालं!"

"पण लांब आहे, ताई."

"लांब म्हणजे? गडद हवा का?"

"गडद नाही. लांब आहे. जवळ आण."

तिला कळलं. बोट पांढऱ्याच्या बाटलीकडे गेलं. "हा बघ, हा नियम आहे. पांढरा कमी केला तर खेळणं बेढब दिसेल."

"खेळणं," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला.

तिनं दहा थेंबांचा चमचा केला. त्या दिवशी तोमोनं भाताचे दोन वाडगे खाल्ले, वर काळी मासळीवडी मागितली. किनुए स्वयंपाकघरात उभी राहून फडक्यात तोंड घालून रडली. नियम गेला खड्ड्यात.

३

आठ थेंबांचा चमचा रविवारी केला.

वाळल्यावर तिनं तो रांगेत उभा केला आणि चहा ओतायला वळली. परत बघते तर रांग बिघडलेली. काय बिघडलंय ते कळेना. सगळे चमचे एकाच पाकिटातले, एका मापाचे. पण आठचा चमचा मोठा दिसत होता. शेजारच्यापेक्षा बोटभर पुढे आल्यासारखा. तिनं पट्टी आणली. मोजला. पाकिटातला कोरा चमचा त्याला पाठीला पाठ लावून धरला. तंतोतंत.

"गडद वस्तू जवळ वाटते," ती मोठ्यानं म्हणाली. मास्तरांचंच वाक्य. डोळ्याची लबाडी. चश्म्याचा नंबरही बदलायला झाला होता.

मग तिला घरघर ऐकू आली. खूप खालची, दात आवळले तरच कळेल अशी. तिनं रंग फवारायच्या कॉम्प्रेसरकडे बघितलं. बंद होता, प्लगही काढलेला. फ्रिजला हात लावला. फ्रिज गप्प. समुद्राकडच्या तळावरची शिकाऊ विमानं असणार, रोज घोंघावत जातात मेली. ती कप धुवायला लागली, आणि कप अर्धा धुऊन झाल्यावर थांबली.

शिकाऊ विमानं रविवारी उडत नाहीत.

"तोमो, तुला काही ऐकू येतंय?"

तोमो खिडकीकडे तोंड करून बसला होता. "आता कुठे," तो म्हणाला.

४

साकुमा नमुने बघायला आला तेव्हा सहाचा चमचा खिडकीत होता. तो बूट काढून आत आला, वाकला, टेबलाजवळ गेला आणि एकदम त्यानं हात तोंडापुढे धरला. चेंडू अंगावर आला की धरतात तसा.

"काय झालं हो? चमचा चावला?"

"नाही, म्हणजे..." तो ओशाळून हसला. "मला वाटलं काहीतरी... रंग चांगलाय, किनुएबाई. पण फार पुढे येतोय. बारावालाच बरा. साहेबांनाही तोच आवडेल. काम झालं समजा." त्यानं घाईनं बाराचा चमचा कागदात गुंडाळला. सहाच्या चमच्याकडे पाठ करायला काही तो तयार नव्हता, दारापर्यंत उलटा चालत गेला. बूट घालताना म्हणाला, "बाकीचे टाकून द्या."

किनुए खुळी नव्हती. तिलाही गेले दोन दिवस त्या खिडकीकडे पाठ करून जेवणं नकोसं झालं होतं. काम झालं होतं, थांबता आलं असतं. तिनं टाकाऊ डबा उचलला.

"ताई, नको."

तोमो उभा होता.

दोन्ही हात खिडकीच्या चौकटीवर, गुडघे लटपटत होते, पण उभा होता. सहा वर्षांनी. किनुएच्या हातातला डबा खाली पडला. मालिश करणाऱ्याला जमलं नव्हतं, देवळातल्या ताइताला जमलं नव्हतं.

"तू... कसा..."

"जवळ येतंय ना," तो म्हणाला. "आता कशाला बसू?"

मग त्यानं ती जुनी गोष्ट काढली, जिची घरात चाळीस वर्षं थट्टा होत आलेली. तो सहा वर्षांचा असताना मोठ्या दुकानाच्या गच्चीवर त्या मालिकेचं प्रदर्शन लागलं होतं. आईचा हात सुटला, चार तास पोरगं सापडलं नाही. सापडलं तेव्हा म्हणालं, मी पहारा-तीनमध्ये बसलो होतो. वडील पोट धरून हसले होते, कारण काचेच्या पेटीतलं ते विमान हातभर लांब होतं.

"ते म्हणाले, आता लहान आहेस, नंतर ये," तोमो म्हणाला.

"कोण म्हणाले?"

तो चौकट घट्ट धरून बाहेर बघू लागला. किनुएनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. आजारी माणसाच्या डोक्यात काय काय येतं. तो उभा होता, तेवढं तिला पुरे होतं. त्याच्यासाठी तिनं अख्खं आभाळही रंगवून दिलं असतं.

"चार थेंबांचा करते," ती म्हणाली. "बस आता. पडशील."

५

चारच्या चमच्यानंतर तोमो भिंत धरून न्हाणीघरापर्यंत गेला.

चारच्या चमच्यानंतर चिमण्याही गेल्या. ओसोनेबाईंच्या निळ्या कौलांवर रोज सकाळी वीसेक तरी बसायच्या. ओसोनेबाई कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "तुमच्या बाजूचं आभाळ भरून आल्यासारखं वाटतंय गं, कपडे वाळेनात." किनुएनं वर बघितलं. लख्ख ऊन होतं. तरी त्यांच्या दोरीवरचे कपडे सगळे एकाच दिशेला कलले होते, आणि वारा नव्हता. चहाच्या कपात बारीक बारीक गोल उमटायचे, कडेपासून आत.

किनुए स्वतःला समजावत राहिली. डोंगरात बोगदा खणत असतील. भूकंपाच्या आधी पक्षी जातात म्हणे. थिनरचा वास डोक्यात चढतो. प्रत्येक गोष्टीला एकेक कारण सापडलं. फक्त सगळ्यांना मिळून एक सापडत नव्हतं.

दोन थेंबांचा चमचा तिनं मंगळवारी केला. "हा शेवटचा," तिनं तोमोला बजावलं. "दोनच्या खाली मी जाणार नाही. मास्तर थडग्यातून उठून थोबाडीत मारतील." तिनं मोजून दोन थेंब पांढरा टाकला, ढवळला, फवारला, चमचा सुकायला लावला आणि भात लावायला आत गेली.

बाहेर आली तेव्हा तोमो खुर्चीत ताठ बसला होता. दाढी केलेली. केस ओले करून विंचरलेले. अंगात लग्नकार्याला घालायचा सदरा.

आणि पायात बूट.

चटईवर बूट! त्या घरात चोरसुद्धा बूट काढून आला असता. किनुए ओरडणार, तोच तिची नजर गाठींवर गेली. बूट नीट बांधलेले होते, दुहेरी गाठ मारून. लांब जाताना मारतात तशी.

"काढ ते," ती म्हणाली.

"वेळेवर धांदल नको, ताई."

"कुठे जायचंय तुला? कुठे चाललायस मला सोडून?"

तो तिच्याकडे मायेनं बघत होता. तेच तिला सहन होईना. "तुला बरं वाटावं म्हणून केलं रे मी हे सगळं," ती म्हणाली. "तू इथं राहावास म्हणून. आता नाही करणार. दोनवर थांबले ती थांबले."

"तू थांबली नाहीस," तोमो म्हणाला. "बघ की."

६

किनुएनं पांढऱ्याची बाटली उचलून उजेडात धरली.

पांढरा हा सगळ्या रंगांत जड. बाटली ठेवली की तळाशी बसतो, वर राहतं ते नुसतं रोगण, दुधाळ दिसतं एवढंच. म्हणून पांढरा घ्यायच्या आधी बाटली शंभर वेळा हलवायची. हाताखालच्या किती पोरींना तिनं यावरून रडवलं असेल! आणि तोमो उभा राहिला त्या दिवसापासून तिनं स्वतः बाटली एकदाही हलवली नव्हती. तळाशी दोन बोटं घट्ट पांढरा साय धरून बसला होता. चारच्या वेळी थोडा तरी वर तरंगत असेल, पण आज तिनं मोजून टाकलेले थेंब नुसत्या रोगणाचे होते. पांढरा त्यात नव्हताच.

दांड्यावर दोन लिहिलेल्या चमच्यात शून्य होतं.

तिनं तो चमचा उचलला. सवयच ती, हात आपोआप खिडकीकडे गेला, रंग आभाळावर धरून बघायला.

चमचा दिसेना.

हातात दांडा होता, बोटांना लागत होता. पण चमच्याची कड कुठे संपते ते कळत नव्हतं. मागेही तोच रंग होता. खिडकीत आभाळ नव्हतं, ओसोनेबाईंची कौलं नव्हती, दोरी नव्हती. चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिनं बारा दिवस खपून बनवलेला तो निळसर, थंड, गंजाची किंचित झाक असलेला राखाडी. नेमका जुळलेला. एका थेंबाचाही फरक नाही.

मग त्या रंगात एक रेघ दिसली, पत्र्याला पत्रा जोडतात तशी. रेघ डावीकडून उजवीकडे सरकत होती, अगदी सावकाश, खिडकीपासून हातभर अंतरावरून. तिच्या कडेनं रिव्हेट, एकेक भाताच्या वाडग्याएवढा. घरघर आता ऐकू येत नव्हती. ती हाडांत होती. रेघेमागून एक गोल काच आली. काचेच्या आत जे होतं ते किनुएकडे बघतही नव्हतं. ते तोमोकडे बघत होतं, आणि त्यानं आतून काचेवर हात ठेवला. बोटं मोजायच्या आत किनुएनं डोळे मिटले.

खिडकीची काच सरकल्याचा आवाज झाला. मागे चटईवर बुटांची पावलं. एक. दोन. तोमो कशाचाही आधार न घेता चालत होता.

"माझा भाऊ आहे तो!" किनुए किंचाळली. कुणाला, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

तिनं बाटलीत दोन बोटं घातली, तळाचा घट्ट गोळा खरवडून काढला आणि चमच्यावर फासला. पुन्हा बोटं घातली. मोजलं नाही, थेंब नाही, नियम नाही. अंगठ्यानं, तळव्यानं, बाटली आपटून फोडून, काचेसकट, पांढरा, पांढरा, पांढरा. तळहात कापला, रक्त त्यात मिसळलं, तिनं आणखी पांढरा ओढला. "जा! लांब जा! जा तिकडं!" कुत्रं हाकलावं तशी ती ओरडत होती.

हाडांतली घरघर कानात आली. कानातून बाहेर गेली. मग उरली नाही.

डोळे उघडले तेव्हा निळी कौलं होती, दोरीवर ओसोनेबाईंची चादर सरळ लोंबत होती. खिडकी उघडी होती. खिडकीत तोमो होता, एक पाय चौकटीवर ठेवलेला, एक आत. गेला नव्हता. किनुएनं पांढरट रक्ताळल्या हातांनी त्याच्या सदऱ्याला गच्च धरलं आणि आत ओढलं.

सदरा हातात यायला जरा वेळ लागला.

७

तोमो आता खुर्चीतच असतो. जेवतो. भांडत नाही. बूट किनुएनं जाळून टाकले.

साकुमाचा डबा बाजारात आला, बाटलीत बाराचा रंग. पत्रं फार आली नाहीत म्हणे. तो आभार मानायला आला तेव्हा दारातूनच म्हणाला, "तोमोयासुसाहेबांना माझा नमस्कार सांगा, आत बसलेत ना?" आणि कोपऱ्याकडे बघून डोळ्यांवर हात धरला. नदीच्या पलीकडचा माणूस ओळखायला धरतात तसा.

"दिसतोय ना?" किनुए करड्या आवाजात म्हणाली. "मग झालं."

टेबलापासून खुर्ची चार पावलं. किनुए मोजून चालते, चारच होतात. चहा देते तेव्हा मात्र हात पूर्ण लांबवावा लागतो, खांदा दुखेपर्यंत. त्याचे केस, कातडी, सदरा, सगळ्यावर धुक्यासारखं काहीतरी असतं. ओसोनेबाई म्हणतात रक्त कमी झालंय, काळीज खायला घाल. किनुए मान हलवते. तिच्या डोळ्यांना कुणी सांगायची गरज नाही. त्याच्यावर पांढऱ्याचे किती थेंब ते तिला दारातून कळतं. सुरुवातीला चाळीस होते.

पांढरा काढायचा कसा, तेही तिला कळतं. तेवढंच तर तिला येतं. कोरा चमचा रोज सकाळी दहा वाजता ती समोर ठेवते, बाटली शंभर वेळा हलवते आणि हात मांडीवर ठेवून बसते. एक थेंब कमी केला तर तोमो एक थेंब जवळ येईल. एकटा येणार नाही.

दोन वाजेपर्यंत ती अशीच बसते. मग खुर्चीकडे वळून हाक मारते, "तोमो, भूक लागली का रे?" आणि पुटपुटत आकडे मोजू लागते.

त्याचे ओठ हलतात. लगेच हलतात. आवाज मागून येतो.

"हो, ताई."

आवाज येईपर्यंत आज सात आकडे झाले. काल पाच होते.